कोपरखळी

चिमटीबाई गेल्या. म्हणजे एका मुलीची परीक्षा झाली त्या आठवड्यात काम सोडून गेल्या, जिवानिशी नव्हे. पण आमच्या सेंटरमध्ये ही बातमी ज्या सुरात सांगितली जाते तो ऐकून नव्या पालकांना फरक कळत नाही. मॅडम तर अशा बोलतात, की जणू भिंतीतली ओल गेली. म्हणून म्हटलं, आपणच एकदा नीट लिहून ठेवावं. मी त्या सेंटरच्या खिडकीत बसते. फोन घेते, वेळा देते, आणि दर शुक्रवारी प्रत्येक मुलाच्या वहीत त्या आठवड्याची प्रगती लिहिते. जे झालं त्यात माझंही अक्षर आहे, तेव्हा साळसूदपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे येणारी मुलं दोन ते सात वर्षांची, ऑटिझम असलेली. त्यांच्या बोलण्याची नि वागण्याची चर्चा सगळे करतात, पण यांतल्या पुष्कळांचे हातपायही त्यांचं ऐकत नाहीत, हे आईबापांनासुद्धा उशिरा कळतं. कुणी पंजांवरच चालतं. कुणाला जिना उतरताना दोन्ही पाय एकाच पायरीवर आणावे लागतात. कुणाच्या हातात पेन्सिल ठरत नाही. मोठा चेंडू, डुगडुगती फळी, झोपाळा, दोरीची शिडी हा सगळा कारभार मॅडमचा. त्या शिकलेल्या थेरपिस्ट. बोटांचं काम चिमटीबाईंकडे. मणी ओवणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, कात्री, चेन, बटणं. अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट जमली की निम्मं काम झालं, असं त्या दिवसातून दहादा म्हणायच्या. म्हणून त्या चिमटीबाई.

बाई मूळच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या. सतरा वर्षं काज-बटणाच्या टेबलावर काढली. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा आमच्याकडे फरशी पुसायला आल्या. त्या वेळी एक मुलगा होता, त्याला कुणी नुसता हात लावला तरी तो सगळी इमारत डोक्यावर घ्यायचा. एकदा त्याचा बूट फळीत अडकला. बाईंनी पुसता पुसता तो सोडवला आणि पुढे सरकल्या. मुलगा गप्प. मॅडमनी ते पाहिलं, आणि आठवड्याभरात बाईंच्या हातातलं फडकं गेलं.

त्यांच्या हाताला वजनच नव्हतं. खांद्यावर ठेवला तरी मागे वळून पाहावं लागायचं, आहे की नाही. आणि एक खोड होती. अडकलेली वस्तू त्यांना बघवत नसे. कुणाची चेन अडकली, कुणाच्या डब्याचं झाकण निघेना, की बाईंचा हात तिथे पोचलाच. मला पर्समध्ये किल्ली सापडत नसली तर माझ्याआधी त्यांचा हात आत. 'बाई, मी मेल्यावर माझे डोळे तरी मला मिटू द्या,' मी म्हणायचे. त्या हसायच्या. 'अगं, हाताला कुठं कळतं कुणाचं काम आहे ते!' त्यांची मुलगी लग्न होऊन गेली तोवर स्वतःची वेणी घालायला शिकली नव्हती. आता तिने केसच कापून टाकलेत.

पण कामात बाई पक्क्या होत्या, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. बटण शिकवण्यासाठी त्यांनी लाकडी चौकटींवर कापड ताणून सात पाट्या केल्या होत्या. पहिल्या पाटीवर ओव्हरकोटाची मोठी बटणं आणि काज इतकं सैल की बटण आपणहून आत पडावं. पुढच्या पाटीवर बटण जरा लहान, काज दोन टाक्यांनी घट्ट. सातव्या पाटीवर शाळेचा खराखुरा शर्ट. मूल पाटी चढलं की नाही, हे त्या बटणाच्या आवाजावरून सांगायच्या. मॅडमच्या पदव्या भिंतीवर लावलेल्या आहेत. बाईंच्या पाट्या कपाटात होत्या.

सरकार आल्या त्या याच काळात. साडेचार वर्षांची मुलगी, एक शब्द बोलायची नाही, आणि चालायची अशी की समोरच्यांनी आपोआप बाजूला व्हावं. सरकार हे नाव मीच ठेवलं. हात मात्र सरकारांचे अगदी ढिले. चमचा धरला तर चमच्यानेच त्यांना धरलंय असं वाटायचं.

त्यांची आई एका दवाखान्यात रक्त काढते. म्हाताऱ्याचा हात असो की तान्ह्याचा, बोट फिरवून शीर शोधते. तिथे तिच्या कामाचं नाव आहे. पण पोटची पोर तिला हात लावू द्यायची नाही. जवळ घेतलं की मुलीचं लाकूड व्हायचं. अंघोळ, कपडे, केस, सगळं झटापटीने. 'मी परक्यांना सुया टोचते, कुणी हात ओढून घेत नाही,' ती एकदा खिडकीशी उभी राहून मला म्हणाली, 'आणि ही...' मी तिला पाणी दिलं. खिडकीत बसणाऱ्याला तेवढंच करता येतं.

वडीलही होते. ते गाडीतून सोडायचे आणि गाडीतच बसायचे. शहराबाहेर एक निवासी शाळा आहे, मुलं सोमवारी सोडायची आणि शुक्रवारी आणायची. तिथला फॉर्म त्यांनी केव्हाच आणून ठेवला होता. आईचं म्हणणं, माझी मुलगी घरी राहील आणि घराजवळच्या नेहमीच्या शाळेत जाईल. तिथल्या मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं, 'बोलत नसली तरी आपण बघू. पण पस्तीस मुलं आणि एक शिक्षिका आहे. बूट, बटणं, जिना एवढं तिने स्वतःचं स्वतः केलं पाहिजे.' आणि सहा वर्षांची व्हायच्या आत. नाहीतर फॉर्म तयारच होता.

आमच्या वहीत चार रकाने असतात: हात धरून, हात लावून, सांगून, स्वतः. पद्धत अशी, की आधी मुलाच्या मागे बसून त्याचे दोन्ही हात धरायचे. मग आपला हात मागे मागे नेत जायचं. मनगटावर, मग त्याच्या वर, मग कोपरावर, आणि मग काहीच नाही. ही पद्धत चांगली आहे, जगभर वापरतात. चिमटीबाईंनी सरकारांना आठ महिन्यांत सहा पाट्या चढवल्या. मनगट सुटलं, त्याच्या वरची पकड सुटली. कोपरावर बाईंचं एक बोट राहिलं. उजव्या कोपराला, बाहेरच्या बाजूने, आडवं. ते ढकलत नव्हतं की दाबत नव्हतं, नुसतं होतं. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, की माझे हात माझ्या मांडीवर होते.

हे मी आज सांगते आहे. तेव्हा कुणालाच दिसलं नाही. सगळ्यांचे डोळे सरकारांच्या चिमटीवर. आई व्हिडिओ काढायची तोही बोटांच्या इतक्या जवळून, की त्यात फक्त बटण आणि दोन नखं. मी खिडकीतून रोज बघायचे. मला ते बोट दिसत होतं, पण चिमटीबाईंचं बोट म्हणजे मुलाच्या अंगावरच्या कपड्यासारखं, त्याची वेगळी दखल कोण घेतो! एका शुक्रवारी मी विचारलं, 'सरकार?' बाई म्हणाल्या, 'स्वतः.' मी लाल पेनाने लिहिलं. मॅडम म्हणाल्या, 'बोट ठेवायला जागा नाही असं काम केलंत, बाई.' म्हणाल्या खऱ्या.

फक्त घरी सरकार एकही बटण लावत नसत. आई येऊन सांगायची, आणि मॅडम तिलाच झापायच्या. 'इथे करते, घरी का करत नाही? तुम्ही घाई करता. तुम्ही धीर धरत नाही. तुमची घालमेल तिला कळते.' असं तीन महिने चाललं. सगळं खापर तिच्या डोक्यावर. मीही एकदा मोठ्या शहाणपणाने म्हणाले, 'जरा विचार करा ना, आई म्हणून आपलं काय चुकतंय.' तिने मान डोलावली. ती मान डोलावणं आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

शाळेतल्या परीक्षेच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सरकारांना चित्रकलेचा ॲप्रन दिला, पुढे पाच बटणं. खोलीत त्या, शाळेची मदतनीस बाई आणि आई. आईला कोपऱ्यात बसवलेलं, बोलायचं नाही असं बजावून. सरकारांनी ॲप्रन घातला. पहिलं बटण चिमटीत धरलं, काजाशी नेलं, आणि उजवं कोपर बाहेर काढून थांबल्या. कुणी काही करेना. मग त्या मदतनीस बाईकडे गेल्या आणि कोपर तिच्या हाताला लावलं. ती बाजूला सरकली. सरकारांनी पुन्हा लावलं, जरा जोराने. मग मुख्याध्यापिकांना. मग टेबलाला. मुख्याध्यापिकांनी हसत विचारलं, 'काय गं, सगळ्यांना कोपरखळ्या मारतेस?' आणि कागदावर लिहिलं: बटणं लावत नाही, इतरांना कोपराने मारते. खाली लिहिलं, आठ आठवड्यांनी शेवटची संधी.

तो कागद घेऊन आई सरळ आमच्याकडे आली. बाकावर पाच-सहा पालक होते. मॅडमनी कागद वाचला आणि सवयीने तेच वाक्य काढलं, 'इथे तर करते.'

'करते ना? मग करून दाखवा,' आई म्हणाली.

चिमटीबाईंनी सातवी पाटी आणली. सरकार बसल्या, बाई मागे बसल्या. पाच बटणं टकाटक लागली. मॅडमनी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. आई पाटीकडे बघतच नव्हती. ज्या नजरेने ती शीर शोधत असेल, त्या नजरेने कोपराकडे बघत होती.

तिने पाटीवरची बटणं पुन्हा काढली. 'बाई, उठा तिथून.'

बाई उठल्या. सरकारांनी बटण चिमटीत धरलं आणि हात थांबला. कोपर बाहेर आलं.

'बसा. बोट लावा. जिथे लावता तिथेच लावा.'

'मी कुठे...' बाई बसता बसता म्हणाल्या, आणि खाली बघितलं. बोट लावलेलंच होतं. त्यांचा चेहरा असा झाला, की मी खिडकीतून उठले.

'काढा,' आई म्हणाली. सरकार थांबल्या. 'लावा.' बटण गेलं. 'काढा. लावा. काढा.' बाकावरचे पालक बघत होते. एकाने तर फोन बाहेर काढला. 'बघा, कशी चालते! तीन महिने मला शिकवत होता ना, धीर धरा म्हणून? यांनी माझ्या पोरीला बटण बसवलंय. दाबलं की चालू, सोडलं की बंद. लावा बाई. लाजता कशाला? काढा.'

सरकारांनी स्वतःचं मनगट तोंडात घातलं आणि चावायला लागल्या. तरी आई थांबेना. मुलगी चावत होती, आणि बोट लागलं की तोंडातला हात काढून बटण लावत होती, आणि पुन्हा चावत होती. हे थांबवायला कुणी पुढे झालं नाही. मी झाले नाही. मॅडम झाल्या नाहीत. मॅडमनी उलट हात वर केले. 'मी यांना सारखी सांगत होते, हात काढा म्हणून.' धडधडीत खोटं. बाईंनी मॅडमकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरकारांच्या मनगटावरचे दातांचे वण बघत होत्या.

आईनेच निकाल दिला. 'यांनी लावलंय, यांनीच सोडवायचं. आठ आठवडे. मी इथे बसून बघणार.'

बाई खचल्या नाहीत, हे मला तेव्हा खटकलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या सरकारांच्या मापाचा शर्ट शिवून घेऊन आल्या. उजव्या बाहीच्या आत, बरोबर कोपरावर, बोटभर रुंदीची इलॅस्टिकची पट्टी. बोटाच्या जागी कापड. सरकारांनी शर्ट घातला, कोपर बाहेर काढलं, पट्टी तिथे टेकली, आणि चार बटणं लागली. मागे कुणीही नाही. बाईंनी मला कानात बेत सांगितला: दर आठवड्याला दोन टाके सैल, मग नुसता दोरा, मग साधी बाही. काजं घट्ट करत नेली तसंच, उलट्या दिशेने. इतकं साधं आणि इतकं बरोबर काम मी त्या इमारतीत दुसरं पाहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आईला बाहीवरची शिवण दिसली. तिने बाही उलटी केली. 'पुन्हा चोरी? बोट सुटलं तर इलॅस्टिकचं व्यसन?' बाई सांगायला लागल्या, टाके, दोरा, सैल... आईने समोरची कात्री उचलली. मुलांची बोथट कात्री ती, तिने काय कापणार! मग आईने दातांनी ओढून पट्टी फाडली. शर्ट सरकारांच्या अंगातच होता. मॅडमना बाईंचं म्हणणं पटलेलं होतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण बाकावर पालक बसलेले. त्या म्हणाल्या, 'आईची इच्छा नसेल तर आपण नको करूया.'

मग राहिला एकच मार्ग. बाईंनी समोर बसायचं, दोन्ही हात मांड्यांखाली घालून, आणि काही करायचं नाही. पहिले दिवस कसे गेले ते मी थोडक्यात सांगते, कारण लांबण लावणं माझ्याच्याने होत नाही. सरकार कोपर पुढे करायच्या. बाई म्हणायच्या, 'सरकार, करा बघू.' सरकार वळसा घालून बाईंच्या मागे जाऊन बघायच्या, बोट तिथे आहे का. मग बाईंच्या मांडीखालून हात ओढून काढायच्या, दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून. ज्या मुलीच्या हातात चमचा ठरत नव्हता, तिच्या हातात आता केवढी ताकद! बाई दाबून बसायच्या. सरकार गादीवर डोकं आपटायच्या. एकदा त्यांनी बाईंच्या दंडाला कडकडून चावा घेतला. बाईंचा हात सवयीने निघाला तसा बाकावरून आवाज आला, 'हलू नका.' बाई हलल्या नाहीत. संध्याकाळी मी औषध लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'माझ्या पोरीला मी असं एकदा तरी केलं असतं ना, तर तिची वेणी तिला आली असती.' मी म्हटलं, 'गप्प बसा.' दुसरं काय म्हणणार!

एकोणिसाव्या दिवशी सरकारांनी एक बटण लावलं. रागाने लावलं, बाईंकडे बघत. चौथ्या आठवड्यात दोन. पाचव्यात तीन. मी आता कुणाला विचारून लिहीत नव्हते. उठून, चहूबाजूंनी फिरून, बघून लिहीत होते: स्वतः, तीन.

त्याच सुमारास आई बदलली. बाकावर बसायची ती नुसती हजेरीपुरती. चेहरा निवळलेला. एकदा तिने चक्क माझी विचारपूस केली. म्हणाली, 'घरीही लावते आता. पाचच्या पाच.' मी आनंदाने ओरडलेच. चिमटीबाईंनी मात्र विचारलं, 'तुम्ही कुठे बसता तेव्हा?'

'समोर,' आई म्हणाली.

'हात?'

'तुमच्यासारखेच. मांडीखाली.' तिने इतक्या सहज सांगितलं, की बाईंनाच आपण विचारलं याचं वाईट वाटलं.

सहाव्या आठवड्यात तिनाची दोन झाली. मग एक. सातव्यात सरकार बटण चिमटीत धरून नुसत्या उभ्या राहायला लागल्या. रडणं नाही, डोकं आपटणं नाही, बाईंचा हात ओढणं नाही. शांत. जणू त्यांना ठाऊक होतं, इथे नाही तर दुसरीकडे मिळणार आहे. बाईंना काही उमजेना. त्या रोज पाटी उलटसुलट करून बघायच्या, काज घट्ट झालं का, कापड आटलं का. आई म्हणाली, 'तुमचं तोंड बघून बिघडते ती.' शेवटचा आठवडा तिने मुलीला पाठवलंच नाही.

परीक्षेला आईने चिमटीबाईंना मुद्दाम बोलावलं. तुमच्याशिवाय कसं होतं ते डोळ्यांनी बघा, असा निरोप. मी सेंटरची वही घेऊन गेले. तीच खोली, तोच ॲप्रन. आई, बाई आणि मी भिंतीशी तीन खुर्च्यांवर. मुख्याध्यापिका आमच्याकडे बघून म्हणाल्या, 'कुणी काही बोलायचं नाही.'

सरकारांनी ॲप्रन घातला. पहिलं बटण काजाशी नेलं. कोपर बाहेर आलं. चिमटीबाईंनी आपले हात पटकन मांड्यांखाली घातले. सरकार चालत आमच्याकडे आल्या. बाईंच्या समोरून अशा गेल्या, की जणू तिथे नुसती खुर्ची आहे, आणि आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कोपर आईच्या पुढ्यात. चेहऱ्यावर कसलीही शंका नाही.

मी आईकडे पाहिलं. दोन्ही हातांनी तिने पर्स आवळून धरली होती. 'बाळा,' ती म्हणाली, 'आज तू कर. तू कर ना.' सरकारांनी कोपर आणखी पुढे केलं, तिच्या मनगटाला टेकवलं, आणि थांबल्या. वाट बघत. मुख्याध्यापिकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. आणि पर्सवरून एक बोट सुटलं. उजव्या हाताचं पहिलं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, आडवं, अगदी अचूक, न दाबता. एका दिवसात बसणारी सवय नव्हती ती. पाचही बटणं लागली.

'आई, हात,' मुख्याध्यापिका म्हणाल्या. बोट काढलं नाही तिने. मुख्याध्यापिकांनी फाइल बंद केली आणि खरंच वाईट वाटून म्हणाल्या, 'मला माफ करा.'

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. सरकार आईच्या बाजूला, अंगात ॲप्रन तसाच. मला वाटलं आई रडेल. ती चिमटीबाईंवर उलटली. 'बघता काय? बोला. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, आता तुम्ही बोला.'

बाई सरकारांच्या कोपराकडे बघत राहिल्या.

'तुम्ही बोट देईनात म्हणून ती माझ्याकडे आली,' आई म्हणाली. 'पाच वर्षं. पाच वर्षांत ही कधी आपणहून माझ्याजवळ आली नव्हती, कळतंय का तुम्हाला? स्वयंपाकघरात आली, उभी राहिली, आणि हात पुढे केला. माझ्यापुढे. मी नाही म्हणायला हवं होतं?'

माझ्या तोंडात आलं होतं, नाही हो, कोण म्हणेल. मी चिमटीबाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते. कुणाचं काही अडलेलं त्यांना बघवत नाही. आताही त्यांचा हात निघेल आणि हिच्या खांद्यावर पडेल, असंच मला वाटलं.

'हो,' बाई म्हणाल्या. 'म्हणायला हवं होतं. मी म्हणतच होते ना रोज. तुमच्यासमोर.'

तेवढ्यात मदतनीस बाई धावत आली. 'अहो, ॲप्रन राहिला की अंगात! पुढचं मूल उभं आहे आत.' ती सरकारांसमोर बसली, दोन हातांनी खटाखट पाची बटणं काढली, ॲप्रन ओढून घेतला आणि गेली. सरकारांचं कोपर बाहेर ते बाहेरच राहिलं. फाटकाशी वडील गाडीला टेकून उभे होते. त्यांनी लांबूनच हाताने विचारलं, झालं का? आईने नाही अशी मान हलवली. त्यांनी फोन कानाला लावला, आणि आम्ही जवळ पोचलो तेव्हा ते निवासी शाळेला विचारत होते, सोमवारी मुलीला किती वाजता आणून सोडायचं.